जिभेखालची गोळी

"तोंड उघडा," मी म्हटलं.

चौगुले पलंगाच्या कडेला बसले होते. उजव्या हाताची मूठ छातीवर दाबून धरलेली. पन्हाळ्यावरच्या त्या लॉजची खोली लहान होती आणि खिडकीचा पडदा त्यांनी थोड्या वेळापूर्वी स्वतःच ओढून घेतला होता, त्यामुळे भर दुपारी आत अंधारल्यासारखं होतं. तरी त्यांचा चेहरा लाल झालेला मला दिसत होता. जेवून खोलीवर येताना, "डोकं जरा हलकं वाटतंय," असं ते म्हणाले होते. मी म्हटलं होतं, ऊन लागलं असेल.

"थांबेल आपोआप," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? वाट बघत बसायचं नाही. उघडा तोंड."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी तोंड उघडलं, जीभ वर उचलली, आणि मी तिच्याखाली गोळी ठेवली.

ही गोळी मी त्यांना आधीही दिली होती. थोड्या वेळात मूठ सैल व्हायची, ते मान हलवायचे, मी घाम पुसायची आणि आम्ही पुढच्या कामाला लागायचो. ह्या वेळी हातच गळून मांडीवर पडला. चेहऱ्यावरची लाली भरभर उतरली, ओठ राखेसारखे झाले, आणि ते बसल्या जागी माझ्या अंगावर कलंडले. उभं आयुष्य बॉयलरसमोर काढलेला माणूस. त्यांचं वजन मला पेलेना. कसंबसं त्यांना आडवं केलं आणि गॅलरीत जाऊन हाका मारल्या.

लॉजचा मॅनेजर धावत आला. त्याने एकदा बघितलं आणि उशा घेऊन त्यांच्या पायाखाली सारल्या.

"पाय वर असू देत त्यांचं," तो म्हणाला. "काय काळजी करू नकासा बाई, जीप हाय खाली."

घाट उतरताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दुसरी गोळी मी हातात काढून ठेवली होती. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर आणखी एक. मी वाकून ती द्यायला गेले, पण त्यांचे दात घट्ट मिटलेले. बोटाने ओठ बाजूला केले तरी दात उघडेनात. शुद्ध नसेल, असं मला वाटलं. मी गोळी परत डबीत टाकली.

आमचं लग्न होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी चोपन्न वर्षांची, ते त्रेसष्ट. मी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. वडील लवकर गेले, धाकट्या भावंडांचं करता करता माझं लग्न राहून गेलं. श्रीपाल चौगुले साखर कारखान्यात बॉयलरवर फोरमन होते, पत्नी वारल्यावर बरीच वर्षं एकटेच राहत होते. आमच्या समाजाच्या एका मेळाव्यात कुणीतरी "हे चौगुले" म्हणून ओळख करून दिली. मीही चौगुले म्हणायला लागले, आणि लग्नानंतरही तेच तोंडात राहिलं. त्यांना आवडायचं ते. म्हणायचे, "कारखान्यात असल्यासारखं वाटतं."

त्यांचा मुलगा अजित जयसिंगपूरला राहायचा. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्याचं. लग्नाला आला, जेवला, पण फोटोत उभा राहिला नाही. वाईट वागला असं मी म्हणणार नाही. मला मावशी म्हणायचा. "बाबांना ह्या वयात सोबत लागतेच," असं नातेवाइकांना सांगायचा. सोबत ह्या शब्दावर जरा जोर द्यायचा.

लग्नानंतर वर्षभराने चौगुल्यांना बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पायऱ्या चढताना छातीत दाटायला लागलं. बसलं की थांबायचं, म्हणून ते मला सांगतही नव्हते. मीच एकदा पाहिलं, की देवदर्शनाला निघालेला माणूस अर्ध्या पायऱ्यांवर उगाच चपला नीट करत उभा राहतो. मिरजेला डॉक्टर नाईकवडींकडे घेऊन गेले. अजितही आला. फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी झाली.

"हा अंजायना," डॉक्टर म्हणाले. "हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्यात. बसलेले असता तेव्हा रक्त पुरतं. चढ लागला की पुरत नाही, मग दुखतं."

"ऑपरेशन करून टाकूया ना," अजित म्हणाला. "एकदाच काय ते."

"लगेच गरज नाही. ह्यांचं दुखणं केव्हा येतं, किती येतं, कशाने थांबतं, हे ठरलेलं आहे. अशा पेशंटला आधी गोळ्या नीट द्यायच्या. बहुतेकांचं त्यावर चांगलं चालतं. दुखणं वाढलं, बसल्या बसल्या यायला लागलं, तर मग पुढचं बघू."

मग त्यांनी एकेक गोळी समजावली. एक रक्ताची गाठ होऊ नये म्हणून, एक चरबीची, एक नाडी सावकाश चालवणारी, एक नळ्या सैल ठेवणारी, रोज सकाळी. आणि ही जिभेखालची, दुखेल तेव्हा. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुमच्याकडे. उभं असताना द्यायची नाही, चक्कर येते. बसवायचं आणि द्यायची. थांबलं नाही तर पाच मिनिटांनी दुसरी, आणि तरी थांबलं नाही तर सरळ दवाखाना." त्यांनी माझ्याकडून ते सगळं परत म्हणून घेतलं. मी ऑपरेटर होते, ऐकलेलं जसंच्या तसं परत सांगायची मला सवय होती.

निघताना डॉक्टर म्हणाले, "चौगुले, तुम्ही जरा थांबा. तुम्ही दोघं बाहेर बसा."

ते बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? चौगुले म्हणाले, "तंबाखू खातो का विचारत होते."

गोळ्या लागू पडल्या. महिन्याभरात ते पायऱ्या न थांबता चढायला लागले. हातपाय गार पडतात म्हणायचे, दुपारी पेंग यायची, पण छातीची तक्रार क्वचित. मला तेवढं पुरे होतं. एक गोष्ट मात्र बदलली आणि तिच्याबद्दल आम्ही बोललो नाही. पहिल्या वर्षी आमच्यात जे होतं ते गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू थांबलं. चौगुल्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. मला त्याची फार खंत नव्हती. बावन्न वर्षांत जे मिळालं नव्हतं त्यातलं पुष्कळ मला मिळालं होतं. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो, त्यातच मी सुखी होते. हे मी त्यांना सांगायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. विषयच निघाला नाही.

पन्हाळ्याला जायचं त्यांनीच ठरवलं. म्हणाले, "लग्न झाल्यापासून कुठं नेलंच नाही तुला." थंडीचे दिवस होते. सकाळी आम्ही पोचलो, तटावरून सावकाश फिरलो. ते खुशीत होते. जेवताना मधेच उठून हात धुवायला गेले आणि परत येऊन पुन्हा जेवायला बसले. मला त्याचं काही वाटलं नाही.

कोल्हापुरातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण ड्यूटीवर होती. तिने रक्तदाब पाहिला आणि ताबडतोब दोन्ही हातांना सलाईन लावलं.

"काय काय औषधं चालू आहेत?"

मी पाचही गोळ्यांची नावं सांगितली, मात्रेसकट.

"आज जिभेखालची दिली होती? किती?"

"एकच. दुसरी देता आली नाही."

"आणखी काही घेतलंय का आज? कुठलीही गोळी, पुडी, चूर्ण?"

"नाही," मी म्हटलं. मला तेच खरं वाटत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. नर्सने त्यांचा शर्ट काढून माझ्या हातात दिला. अजित तोवर जयसिंगपूरहून येऊन पोचला होता, माझ्या शेजारीच उभा होता. शर्टाच्या खिशात चष्मा असेल म्हणून मी हात घातला. चष्मा होता, आणि त्याच्यामागे गोळ्यांची एक छोटी पट्टी. चार घरं होती, त्यातलं एक फोडलेलं. पाठीमागचं नाव मी वाचलं. ते नाव मला ठाऊक होतं. एक्स्चेंजमधली पुरुष मंडळी त्या गोळीवरून आपसात हसायची आणि आम्ही बायका आल्या की गप्प व्हायची.

"काय आहे?" अजितने विचारलं.

"चष्मा," मी म्हटलं आणि पट्टी मुठीत घेतली.

तेव्हा माझा सांगायचा विचार नव्हता. ते शुद्धीवर आले होते, रक्तदाब चढत होता, डॉक्टरीण समाधानी दिसत होती. झालं गेलं. घरी गेल्यावर ती पट्टी मी गटारात टाकली असती आणि त्यांना एका शब्दाने विचारलं नसतं.

पण अर्ध्या तासात त्यांची छाती पुन्हा दुखायला लागली. पुन्हा ईसीजी काढला, डॉक्टरीण बाहेर जाऊन मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आली. नर्सला म्हणाली, "बीपी आता बरं आहे. नायट्रेटची ड्रिप तयार करा, बारीक सोडू." मग आम्हाला म्हणाली, "काळजी करू नका. जिभेखालच्या गोळीत जे औषध असतं तेच आता शिरेतून देतोय. नळ्या सैल होतील, दुखणं थांबेल."

तेच औषध. त्यानेच तर त्यांचं तसं झालं होतं. मला डॉक्टरी कळत नाही, पण एवढं कळलं की ह्या बाईला काहीतरी ठाऊक असायला हवं आणि ते नाही.

"डॉक्टर, जरा बाहेर येता?" मी म्हटलं.

"दोन मिनिटं. हे लावते आणि येते."

"आत्ताच बोलायचंय."

"मग इथंच बोला ना आजी."

चौगुले माझ्याकडे बघत होते. त्यांची नजर माझ्या मुठीवर गेली. पट्टीचं चंदेरी टोक बोटांतून बाहेर दिसत असणार. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, उशीवरच, एकदा इकडे, एकदा तिकडे. नको. त्यांच्या डोळ्यांत मी तसं कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यात शंभर माणसांवर आवाज चालवणारा माणूस माझ्याकडे याचना करत होता. पलीकडे त्यांचा मुलगा उभा होता.

नर्सने बाटली स्टँडला अडकवली.

मी मूठ उघडली. "ह्यांनी आज ही घेतलीय," मी म्हटलं. "दुपारी. जेवताना."

डॉक्टरिणीने पट्टी घेतली, वाचली आणि एका हाताने नर्सचा हात धरला. "काढा ते. बाजूला ठेवा. एक थेंबही जाता कामा नये." मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला होता. "बरं झालं बोललात. ही आणि जिभेखालची, दोन्ही एकत्र आली की रक्तदाब कोसळतो. आता ही ड्रिप लावली असती तर त्यांना परत वर आणता आलं नसतं. उद्यापर्यंत नायट्रेट बंद. दुसरं औषध देऊ."

चौगुल्यांनी डोळे मिटून घेतले होते.

अजितने ती पट्टी पाहिली, मग वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडेच जास्त वेळ. तो बाहेर गेला. मी त्याच्या मागोमाग गेले. व्हरांड्यात लोक डबे उघडून जेवत होते.

"त्यांना हार्टचा त्रास आहे, तुम्हाला माहीत होतं ना?" तो म्हणाला.

"मला ह्या गोळीचं माहीत नव्हतं, अजित."

"गोळीचं नव्हतं. बाकीचं होतं ना?"

काय उत्तर द्यायचं? माझ्या बाजूने सांगायचं म्हणजे त्यांच्याबद्दल सांगायचं, आणि तेवढं मी आधीच सांगून बसले होते.

ते वाचले. आठवडाभर ठेवून घेतलं, नळ्यांची तपासणी केली, एके ठिकाणी जाळी बसवली. त्या आठवड्यात ते माझ्याशी पाण्यापुरतं, उशीपुरतं बोलले. घरी सोडायच्या दिवशी अजितने गाडी आणली. चौगुले म्हणाले, "मी थोडे दिवस अजितकडे राहतो. तुझी पण दगदग फार झाली." मी त्यांच्या गोळ्यांचा डबा सुजाताच्या, म्हणजे त्यांच्या सुनेच्या हातात दिला आणि कुठली केव्हा ते सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

थोडे दिवस संपले नाहीत. मी दोनदा जयसिंगपूरला गेले. चहा मिळाला. चौगुले बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले आणि सुजाता आमच्यामध्ये बसून राहिली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते झोपलेत असं सांगितलं. मी पुन्हा गेले नाही.

गोष्ट बाहेर कशी गेली कोण जाणे, पण गेली. बस्तीत बायका मला जागा द्यायच्या, जरा जास्तच देत होत्या. माझ्या सख्ख्या भावजयीने एकदा बोलता बोलता म्हटलं, "एवढी हौस होती तर लवकर करायचं होतं लग्न, ताई." मी तिच्या लग्नात तिच्या पायातली जोडवी स्वतः पसंत केली होती.

डॉक्टर नाईकवडींना मी एकटीच भेटायला गेले. त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं, काय झालं ते.

"मी त्यांना सांगितलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. तुम्हाला बाहेर बसवलं होतं, आठवतं? स्पष्ट सांगितलं होतं, नाव घेऊन. ती गोळी घेऊ नका, आणि चुकून घेतलीच तर जिभेखालची घेऊ नका, जीव जाईल. तसं काही असलं तर माझ्याकडे या, म्हटलं, गोळ्यांत बदल करून बघू, लाजू नका. त्यांनी हो म्हटलं होतं."

मी घरी आले. त्या दिवसापासून मला एकच चित्र दिसायचं. लॉजची खोली, आणि ते तोंड उघडतात.

चार वर्षांनी सुजाताचा फोन आला. हृदय थकलंय म्हणाली, अंगात पाणी साचतंय, डॉक्टर फार दिवस सांगत नाहीत. "तुमचं नाव काढलं त्यांनी. येऊन जा."

अजित दुकानात होता. सुजाताने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून ती बाहेर थांबली. चौगुले तीन उशांना टेकून बसले होते. बॉयलरवाला माणूस कुठे गेला होता कळेना. पाय सुजलेले, मनगटं काठ्यांसारखी.

"आलीस," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले. काय खाता, झोप लागते का, असलं थोडं बोलणं झालं. मग मी विचारलं. चार वर्षं मला दुसरं काही विचारायचं नव्हतं.

"नाईकवडींनी तुम्हाला सांगितलं होतं. दोन्ही गोळ्या एकत्र नकोत म्हणून."

"हो."

"मग मी गोळी दिली तेव्हा तोंड का उघडलंत?"

त्यांना धाप लागली होती. ती बसेपर्यंत मी थांबले.

"तुला सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं," ते म्हणाले.

बाहेर सुजाता भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता.

"माझ्या हातून तुम्ही गेला असता, चौगुले. माझ्या हातून."

"तो विचार नाही आला. खरंच नाही आला. जीपमध्ये आला. तेव्हा दात मिटून धरले." त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "मग त्या दवाखान्यात तू सांगून टाकलंस. पोराच्या समोर."

"हो."

"मी नको म्हणालो होतो."

"मी पाहिलं होतं. तरी सांगितलं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मी तुला माफ केलेलं नाही, हेमलता."

"मी मागितलीय कुठे?" मी म्हटलं.

ते मला जा म्हणाले नाहीत. मी दिवस मावळेपर्यंत तिथेच बसले. मधे एकदा त्यांनी पाणी मागितलं, मी पाजलं. मग त्यांचा डोळा लागला आणि मी उठून बाहेर आले.

ते त्याच आठवड्यात गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. फोन अजितने केला. मी विचारलं, शेवटी त्रास झाला का फार? तो म्हणाला, नाही, पहाटे झोपेतच. मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. आयुष्यभर कानाला लाईन लावून बसलेली बाई मी, पलीकडचा माणूस फोन ठेवतोय की बोलणार आहे, हे मला कळतं. तो बोलणार होता.

"त्या दिवशी तुम्ही तिथं बोलला नसता," तो म्हणाला, "तर बाबा आम्हाला ही चार वर्षं मिळालेच…"

मी वाट पाहिली. मग त्याने फोन ठेवला.